मागून येणारा आवाज

आवाज पहिल्यांदा मला आला, आणि मला आला म्हणूनच तो खोटा ठरला. उलव्याला साखरपुड्याच्या मंडपाचं सामान उतरवून आम्ही नवराबायको रिकामी पिकअप घेऊन कामोठ्याला परत येत होतो. यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागच्या दोन चाकांच्या मधून बारीक ‘ऊंऽऽ’ यायचं, पाय उचलला की बंद. मी म्हटलं, “अहो, मागून काहीतरी रडतंय.” हे म्हणाले, “काय नाय. रोड खराब हाय.” थोडं पुढे गेल्यावर मी परत तेच म्हटलं, तर मान न वळवता म्हणाले, “गाडी मी चालवतो का तू?” झालं. मग मीही तोंड मिटून बसले, जे मला सहसा जमत नाही.

यांच्या कानाचं आमच्या गावात नाव होतं. गाव म्हणजे आता सोसायट्यांच्या मधे उरलेल्या चार गल्ल्या, पण तिथे कोणाचीही गाडी कुरकुरली की आधी यांना बोलवायचे, गॅरेज नंतर. हे बॉनेटसुद्धा उघडायचे नाहीत. चालू कर म्हणायचे, मान तिरकी करून उभे राहायचे आणि सांगायचे, बेअरिंग गेलंय, किंवा पट्टा सैल झालाय. बहुतेक वेळा तेच निघायचं. घरात मात्र मीठ कुठल्या डब्यात असतं हे या माणसाला अजून ठाऊक नाही. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर यांनी ही पिकअप सेकंडहँड घेतली होती. ती एवढी म्हातारी होऊनही रस्त्यावर होती ती या कानामुळेच.

तिच्यावर आधी मंडपाचं सामान असायचं, मग डीजे आला. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. हौद्यात स्पीकरच्या बॉक्सची भिंत रचायची, पोरं नाचणार आणि गाडी पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकणार. ड्रायव्हरची पाठ त्या भिंतीला. बाकीचे ड्रायव्हर कानात कापसाचे बोळे कोंबायचे. मीही यांच्या खिशात कापूस ठेवायचे, तो धुण्याच्या वेळी जसाच्या तसा परत मिळायचा. “कापूस घातला तर गाडी कशी आयकू येनार?” म्हणायचे. एवढं वजन ओढताना इंजिनवर कधी जोर येतो, क्लच कधी घसरतो, ते आवाजावरूनच कळतं, असं यांचं म्हणणं. मला ते पटायचंही. म्हणजे इतकी वर्षं हे उघड्या कानांनी त्या भिंतीला टेकून गाडी ऐकत बसले होते.

त्या लग्नसराईत तो आवाज वाढत गेला. रिकाम्या गाडीत यायचा तो भरल्या गाडीतही यायला लागला. मी टुमणं लावलं, तेव्हा हे एकटेच गाडी घेऊन हायवेला जाऊन आले आणि म्हणाले, काही नाही. मला वाटलं, हट्ट. टीव्ही मोठा लावतात तोही हट्ट, हाक मारली तर वळत नाहीत तोही हट्टच. एक दिवस मी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणून सांगितलं आणि शेजारी गेले. परत आले तर घरभर करपलेल्या डाळीचा वास. मी जी सुटले, की शेजारणीने तिचं दार लोटून घेतलं. हे शांतपणे म्हणाले, “वास आला म्हनून बंद केला. शिट्टी झालीच नाय.” हे स्वयंपाकघराच्या दाराशीच बसलेले होते.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर ताटावरून उठले. त्यांचं भय मलाही कळत होतं. कान गेले हे एकदा बाहेर कळलं की डीजे राहू दे, कोणी चार खुर्च्याही यांच्या गाडीत टाकणार नव्हतं. आणि गाडी सुटली तर हा माणूस दिवसभर करणार काय? मी कोणाला बोलले नाही. नुसती प्रत्येक फेरीला बरोबर जायला लागले. हे म्हणाले, काय ग, पाळत ठेवतेस का? मी म्हटलं, हो.

मग एका दुपारी, हळदीचे बॉक्स घेऊन जाताना, पुलाच्या चढावर मागच्या चाकांमधून मोठा दणका आला. खडखड, खडखड, आणि गाडी थांबली. इंजिन चालू, गियर टाकलेला, हे पाय दाबताहेत, पण चाकं काही फिरेनात. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. हे आपले स्टिअरिंगकडे बघत बसलेले, मागे एवढं काय चाललंय याचा पत्ता नाही. एक ट्रेलरवाला बाजूने जाताना ओरडला, “बहिरा है क्या?” अशा वेळी मी कोणाला सोडत नाही. त्या दिवशी नुसती खिडकीची काच वर केली. बॉक्स दुसऱ्या गाडीतून गेले आणि आमची गाडी टोचन लावून कळंबोलीच्या गॅरेजला नेली.

मेकॅनिकने मागचा गोळा उघडला. डिफरन्शियल म्हणतात ते, इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारं. तेल काढलं तर त्यात लोखंडाची चमचम, आणि तळाशी दातांचे तुकडे. तो ते बोटांनी चोळत म्हणाला, “दादा, हे एका दिवसात नाही जात. महिनोन्‌महिने ओरडत असणार. तुम्हाला कसं ऐकू नाही आलं?”

यांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्या तुकड्यांकडे. म्हणाले, “येत व्हता आयकू. म्हटलं सीझन जाऊ दे.”

मेकॅनिक चकितच झाला. “तुम्हीपण, दादा?” एवढंच म्हणाला. ज्या माणसाने कधी ऑइल बदलायला उशीर केला नाही, त्याने चारचौघांत स्वतःला निष्काळजी म्हणवून घेतलं, पण बहिरा म्हणवून घेतलं नाही. मला तिथेच रडू आलं असतं. मी म्हटलं, “मीच म्हणत होते, सीझन होऊ दे.”

गाडी नीट झाली तशी ट्रायल घ्यायला आम्ही खारघरच्या बाजूला निघालो. हे रस्त्याकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होते. “येतो का आवाज?” गाडीबद्दल यांनी मला कधी काही विचारलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, “नाही, एकदम शांत आहे.” ते खरंच होतं. पण तेवढ्यात मागून अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन आला. मला वाटलं, आता बाजूला घेतील. नाही घेतली. सायरन अगदी पाठीशी आला, वाजत राहिला, तरी हे माझ्याकडेच बघत होते. मी दंड धरून हलवला तेव्हा आरशात बघितलं, दचकले आणि गाडी कडेला घेतली. अ‍ॅम्ब्युलन्स पुढे गेली. मागच्या काचेतून एक बाई आमच्याकडे बघत होती.

यांनी इंजिन बंद केलं. “केवापासून वाजत व्हती?”

“आत्ताच आली,” मी म्हटलं. सिग्नलपासून वाजत होती.

यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “कोनाला तरी फोन कर. गाडी घरी न्यायला ये म्हनावं.” मला गाडी चालवता येत नाही. मी फोन लावला. गाडी अगदी ठणठणीत होती, आणि आम्ही दोघं कडेला उभं राहून तिला घरी नेणाऱ्याची वाट बघत होतो.