कॅराव्हॅनमधलं हळदीकुंकू

प्रमोदची नोकरी गेली आणि त्याच महिन्यात आमच्याकडे कॅराव्हॅन आली.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कृपेने झाल्या. प्रमोदचा साहेब इंग्रज होता. दुबईत तेव्हा मंदीने असा काही धुमाकूळ घातला होता की अर्धवट टॉवरांवरच्या क्रेन होत्या त्या जागी थिजून उभ्या होत्या. साहेबाने आधी प्रमोदला काढलं, मग साहेबालाही कुणीतरी काढलं. मायदेशी निघताना त्याच्याकडे दोन गोष्टी उरल्या, एक म्हातारी मांजर आणि एक म्हातारी कॅराव्हॅन. "यातलं एक तुम्ही घ्या," म्हणाला. मला मांजरांची ॲलर्जी आहे. (मांजर घेतली असती तर पुढचं रामायण टळलं असतं, पण घरात मी शिंकत बसले असते.)

ज्यांनी कॅराव्हॅन पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती चाकांवरची खोली असते. चाकं दोनच, तीही बरोबर मधोमध. पुढे जीपला अडकवायचा हूक. आत पुढच्या टोकाला गॅस नि ओटा, मागच्या टोकाला तीन बाजूंनी सोफा, मध्ये दार. जीपपासून सोडवली की चार कोपऱ्यांचे चार लोखंडी पाय हँडल फिरवून जमिनीला टेकवायचे असतात. साहेबाने हे सगळं आम्हाला दोनदा करून दाखवलं, आणि आम्ही दोनदा मान डोलावली.

आता नोकरी गेलेल्या माणसाने काय करावं याचे परदेशात काही अलिखित नियम असतात. त्याने घरात तोंड लपवून बसावं, मग एके दिवशी गुपचूप गावी परतावं. आम्हाला तसा सल्ला देणाऱ्यांची रांग लागली होती. पण मी शाळेत शिकवत होते, व्हिसा माझ्या शाळेचा होता, आणि मी मूळची डोंबिवलीची. मला कुणी "जा" म्हटलं की माझे पाय तिथेच रुजतात. दुबईतल्या अल कुसैसचा टू बेडरूम फ्लॅट सोडून आम्ही अजमानला एका खोलीत आलो आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जीपला कॅराव्हॅन जोडून "यल्ला", म्हणजे चला, म्हणत हिंडायला लागलो. कधी मसाफीच्या बाजारात, कधी खोरफक्कानला, कधी फुजैराच्या किनाऱ्यावर. वरणभात करायचा, समुद्रात डुंबायचं, संध्याकाळी परत. लोकांना आमची नोकरी गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं आम्ही हिंडतोय याचं वाटलं.

एक त्रास मात्र होता. तिकडे टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला की पोरगा चहा घेऊन गाडीपाशी येतो. आमची कॅराव्हॅन दिसायला अगदी टपरीसारखी. कुठेही उभी केली की दहा मिनिटांत एखादी लांबलचक गाडी शेजारी येऊन हॉर्न द्यायची आणि काचेतून दोन बोटं वर व्हायची, दोन कडक! पहिल्या वेळी मी चिडले. दुसऱ्या वेळी प्रमोदने खरंच दोन कप चहा नेऊन दिला आणि वर "वेलकम" म्हणाला. एवढा इंजिनीअर माणूस.

तर संक्रांत जवळ आली आणि घारपुरे वहिनींचा फोन आला.

आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये हळदीकुंकवाचे शुक्रवार ठरलेले असत. संक्रांतीनंतरचा पहिला शुक्रवार माझा. घारपुरे वहिनींचे मिस्टर बँकेत मोठ्या हुद्द्यावर, घर दुबईच्या मरीनाला, श्रीमंत वस्तीत, विसाव्या मजल्यावर. वहिनींचा आवाज फोनवर इतका मऊ आला की मला आधीच शंका आली.

"अगं नंदा, या वर्षी तू राहू दे. तुझा शुक्रवार मी करते. सगळ्या समजून घेतील."

त्या "समजून घेतील"ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणी मेल्यावर समजून घेतात. आम्ही अजून धडधाकट होतो, जेवत होतो, पोरीची फी भरत होतो. आज शुक्रवार सोडला की उद्या गणपतीच्या जेवणातून आमचं नाव जाणार, परवा "ते होते ना, पूर्वी कुसैसला राहायचे" असं आमच्याबद्दल बोलणार. मला रडूही आलं, खोटं कशाला सांगू. पण फोन ठेवल्यावर. फोनवर मी म्हणाले, "राहू दे कसं? आमंत्रणं दिलीसुद्धा. या वर्षी हळदीकुंकू फुजैराला, समुद्रावर. सहकुटुंब या."

आमंत्रणं अर्थातच दिली नव्हती. ती मग रात्रीपर्यंत बसून दिली.

येणाऱ्यांत आठ जणी होत्या. दया म्हणून काही, कुतूहल म्हणून बाकीच्या. मी तिळाचे लाडू केले, वाण म्हणून रंगीत चाळण्या आणल्या, कॅराव्हॅनला झेंडूच्या माळा लावल्या. (त्या पाहून मसाफीच्या घाटात एका ट्रकवाल्या पठाणाने लग्न समजून हात हलवला.) किनाऱ्यावर पोचलो, प्रमोदने जीप सोडवली आणि पाय टेकवायला हँडल हातात घेतलं, तेवढ्यात गाड्यांची रांग येताना दिसली. आणि माझ्या लक्षात आलं की बर्फ नाही.

"ते पाय राहू देत," मी ओरडले, "आधी बर्फ आण. पाय काय पळून चाललेत?"

प्रमोदने हँडल खाली ठेवलं. आठही नवऱ्यांना हळदीकुंकवापासून लांब जायला निमित्त हवंच होतं. ते प्रमोदसोबत जीपमध्ये कोंबून बसले आणि सगळे मिळून एक पिशवी बर्फ आणायला गेले.

घारपुरे वहिनी पैठणी नेसून आल्या होत्या. वाळूत उतरता उतरताच म्हणाल्या, "मी पाचच मिनिटं हं. पुढे दुबईला एक लंच आहे." मग आत आल्या, ओट्यावर नजर, छतावर नजर, पडद्यावर नजर, आणि मागच्या सोफ्याच्या अगदी टोकाला जाऊन बसल्या. आता चार बायका जिथे बसतात तिथेच उरलेल्या बसतात. मध्ये दोन खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. गप्पा मागे चालल्या होत्या, तर पुढे बसून करायचं काय? आठही जणी मागे खेटून बसल्या. कॅराव्हॅन एकदा कुरकुरली. मला वाटलं, वय झालंय.

मी ओट्यापाशी उभी राहून तबक भरलं. हळद, कुंकू, अत्तर, गुलाबदाणी, लाडू. गॅस बंद केला (देवाने तेवढी बुद्धी दिली, नाहीतर ही आठवण विनोदी झाली नसती). आणि तबक घेऊन, मान ताठ करून, घारपुरे वहिनींकडे निघाले. हा क्षण मला हवा होता. आमचं काही संपलेलं नाही, हे मला त्यांच्या कपाळावर बोटाने लिहायचं होतं.

दार ओलांडलं आणि पायाखालची जमीन निघाली. घाईघाईने नाही, अगदी सावकाश, झोपाळ्यासारखी. पुढचा ओटा वर गेला, मागचा सोफा खाली गेला, आणि धप्प आवाज करून कॅराव्हॅनचं बूड वाळूत बसलं. मी तबकासकट घसरत गेले ती थेट घारपुरे वहिनींच्या मांडीत. हळदीची अख्खी वाटी त्यांच्या पैठणीवर. लाडू एकेक करत उतारावरून गडगडत आले. मागोमाग चाळण्या. मग खुर्च्या.

खिडकीतून माझ्या लेकीचा, इराचा, आवाज आला. "ममा, द फ्रंट इज इन द एअर. इट लुक्स लाइक अ रॉकेट."

"डॅडी कुठेयत?"

"नॉट बॅक येट."

एक बाई घाबरून उठल्या आणि दाराकडे चढायला लागल्या. तशी कॅराव्हॅन पुढे झुकली, दचकली, पुन्हा मागे आपटली. आठही जणी किंचाळल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागचं वजन उतरलं की पुढचं टोक दाणकन खाली येणार, आणि दारात जी असेल तिचं काही खरं नाही. मी वर्गात काढते तो आवाज काढला.

"कुणी उठायचं नाही. पुरुष येईपर्यंत सगळ्यांनी मागेच बसायचं."

"माझं लंच," घारपुरे वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही सगळ्यांत मागे आहात. तुम्ही तर अजिबात हलायचं नाही."

आणि मग मला काय झालं कोण जाणे. माणसाची एवढी फजिती झाली की भीतीच जाते. मी मनात म्हटलं, नंदाबाई, हळदीकुंकवाला बोलावलंय ना, मग होऊ दे हळदीकुंकू. पैठणीवर हळद तर सांडलेलीच होती, तीच चिमटीत उचलली आणि वहिनींच्या कपाळाला लावली. कुंकू सोफ्याच्या फटीतून काढलं. गुडघ्यांवर रांगत, एका हाताने खिडकीची कड धरत एकेकीला लावत गेले. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या नाकावर. लाडू झटकून वाटले. एक जण हसली, मग दुसरी, आणि मग अशी हसायची लाट आली की कॅराव्हॅन गदगदा हलायला लागली आणि हसायलाही बंदी करावी लागली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. मला वाटलं जीप आली. खिडकीतून पाहिलं तर पांढरी मोठी गाडी, आत पांढऱ्या पायघोळ अरबी कंदुऱ्यातले दोन तरुण, आणि काचेतून वर आलेली दोन बोटं.

कॅराव्हॅन आकाशाकडे तोंड करून उभी आहे, खिडकीत कुंकवाने माखलेल्या बायकांची तोंडं आहेत, तरी या बाबाला चहा हवा! मी ओरडून सांगितलं, "हबीबी, नो टी. हजबंड्स, हजबंड्स. गो ब्रिंग." त्याने मान वाकडी करून कॅराव्हॅन न्याहाळली, कॅराव्हॅन वाकडी असल्याने त्याला ती बहुधा सरळ दिसली असावी, आणि "व्हेअर?" विचारलं. मी म्हटलं, "आइस." तो गेला. इन्शाल्ला येईल, म्हणून आम्ही वाट पाहत बसलो.

बायकांना एका जागी डांबून ठेवलं आणि निघायची सोयच ठेवली नाही, की त्या आधी हसतात आणि मग खरं बोलतात. आधी कोपऱ्यातली एक जण म्हणाली की त्यांच्याकडे पगार उशिरा होतोय. दुसरी म्हणाली, आमच्याकडे होतच नाहीये. तिसरीने सामान बांधायला घेतलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मी ऐकतच राहिले. एवढे महिने मला वाटत होतं की सगळं गाव मला बघतंय, आणि इथे जो तो आपलंच झाकत होता.

घारपुरे वहिनी बराच वेळ पैठणीवरची हळद खरवडत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांनाही पत्र मिळालंय गं. मार्चमध्ये चाललो आम्ही. शेवटचं एक हळदीकुंकू आपल्या घरी व्हावं असं वाटत होतं, आणि यंदा माझी पाळी नव्हती, म्हणून तुझा शुक्रवार मागितला."

मी हातातला लाडू खाली ठेवला. ज्या बाईला हरवायला मी एवढा घाट घातला, ती माझ्या आधीच हरून बसली होती, आणि मी तिला वाळूत रुतवून ठेवली होती. मला त्यांचा राग धरता येईना आणि माफीही मागता येईना. मी म्हटलं, "मग पुढचा शुक्रवार तुमच्याकडे. विसाव्या मजल्यावर. तिथे पाय टेकवलेले आहेत ना, तेवढं बघून घ्या."

"आणि नंदा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुझा पहिला शुक्रवार तुझाच. मी जाताना सगळ्यांना सांगून जाईन."

नवरे आले तेव्हा आमचे उखाण्यांचे दोन राउंड झाले होते. पुढे पांढरी गाडी, मागे जीप. नऊ नवरे आणि दोन अरब हुकाला लोंबकळले, नाक हळूहळू खाली आणलं, पाय टेकवले, आणि आम्ही एकेक करत उतरलो. त्या दोघांना मी स्वतः चहा करून दिला. त्यांनी तो पिऊन, पुन्हा कधी उघडणार म्हणून विचारलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आणि प्रमोद वाळूत बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं, घारपुरे वहिनींचं, पगारांचं, आपला शुक्रवार शाबूत राहिल्याचं. त्याने वाळूतली एक काडी उचलली. मग हळूच म्हणाला, "नंदा, माझ्या लक्षात आलं. आठ जणी मागे बसल्या तरी काही झालं नव्हतं. तू पुढे उभी होतीस म्हणून सगळं सावरलेलं होतं."

इतक्या महिन्यांत तो माझ्याबद्दल असं काही बोलला नव्हता. मला भरून आलं. म्हटलं, सांगितलं नाही तरी माणसाला कळत असतं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

तो वाळूत काडीने कॅराव्हॅन काढत होता. मध्ये चाक, मागे आठ रेघा, पुढे एकच मोठ्ठा गोळा.

"फक्त हिशेब जुळत नाहीये," तो म्हणाला. "एकट्या तुझ्याने आठ जणी तोलायच्या म्हणजे... तुझं नक्की वजन किती गं आता?"