ओसरीवरचा डेल्मर

डेल्मर प्रुइट घरं बांधतो. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात त्याच्या हातचं घर ओळखू येतं. छपराचं प्रत्येक लाकूड पोलादी पट्टीने भिंतीला जखडलेलं, भिंत खालच्या काँक्रीटला बोल्टने आवळलेली, आणि मधोमध एक बिनखिडकीची, पोलादी दाराची खोली. टोर्नेडोचं वादळ आलं की त्या खोलीत शिरायचं. कुणी ती गाळायला सांगितली, तर डेल्मर काम सोडतो.

तो आणि त्याची बायको ओलीटा दोघंही शाळेत माझ्या वर्गात होती. आता आम्ही शेजारी आहोत.

एवढी भक्कम खोली बांधणारा हा माणूस वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की स्वतः ओसरीवर जाऊन उभा राहायचा. इथले पुरुष तसेच. बायका-मुलं आत, आणि हे खिशात हात घालून वादळाआधीचं हिरवट आभाळ बघत, समोरच्या ओसरीशी गप्पा मारत उभे. ओलीटा आतून हाका मारायची. तो म्हणायचा, "आलोच."

गेल्या वर्षी ती हाका मारून थकली आणि त्याला आणायला बाहेर आली. टोर्नेडो गावाच्या कडेने गेला, पण कुठूनसा उडालेला पत्रा तिच्या मांडीवर आदळला. हाड मोडलं. डेल्मरला खरचटलंही नाही.

भेटायला येणारे म्हणत, घर मात्र पक्कं निघालं हो. तो खाली बघायचा. कौतुकाचं प्रत्येक वाक्य त्याला टोचत असावं. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसू लागला. एकदा एक नवं जोडपं घराचं बोलायला आलं. त्याने दार, बोल्ट, सगळं समजावलं. मग त्यातल्या तरुणीने विचारलं, भोंगा वाजल्यावर आत कधी जायचं? खुर्चीतून ओलीटा म्हणाली, "डेल्मरच्या आधी." तो लाल कानांनी अंगणात निघून गेला.

तिने त्याला बोल कधी लावला नाही. एकच सांगून ठेवलं होतं, की तो बाहेर राहिला तर ती पुन्हा बाहेर येणार. म्हणायची, हाड मोडलंय, हट्ट नाही. आता ती वॉकरच्या आधाराने पाऊल टाकते. पुन्हा ओसरीवर आली, तर तिला परत आत पोचता येणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे जेवायला बसले होते, तोच भोंगा वाजला. डेल्मर उठला आणि पाय सवयीने दाराकडे वळले. समोरच्या ओसरीवरून शेजारच्या हार्लनने हाक मारली, "ये रे, मोठा दिसतोय!"

डेल्मर दारातच थांबला. मग एवढंच म्हणाला, "मी आत जातोय."

"बायकोने बांधून ठेवलंय वाटतं?"

"ठेवायला हवं होतं," डेल्मर म्हणाला आणि त्याने दार लोटलं.

ओलीटाला धरून त्याने सावकाश त्या पोलादी दाराच्या खोलीत आणलं. मी मागोमाग गेले. बाकावर बसून त्याने चेहरा भिंतीकडे फिरवला. स्वतः बसवलेल्या दाराच्या कड्यांना त्याने हात लावला नाही.

"दार कोण लावणार?" ओलीटाने विचारलं.

"तू लाव," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "मी लावलं, तर मी आतच राहीन यावर तुझा विश्वास बसायचा नाही."

ती वॉकर टेकत दारापाशी गेली. एकेक कडी सरकवून, ओढून बघितली. मग येऊन त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून ठेवली.