चिवराचं टोक

रेगेन्सबर्गच्या स्टेशनामागे नोईताईचं छोटं थाई दुकान होतं. दुकान उघडण्याआधी ती रोज सकाळी मागच्या अंगणात जायची. तिथे कचऱ्याच्या पिवळ्या डब्यांशेजारी एका खांबावर बाहुलीच्या घराएवढी देवळी बसवलेली होती. तिच्यापुढे ती लाल सरबताची बाटली ठेवायची, झाकण काढायची आणि आत स्ट्रॉ घालायची. बर्फ पडत असला तरी यात खंड नसे. स्ट्रॉ विसरली तर तव्यावरचं तसंच सोडून परत जायची.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, "हे कोणाला?"

"जागेच्या मालकाला."

"मालक तर वरच्या मजल्यावर राहतो."

"तो कागदावरचा. त्याला भाडं. खऱ्या मालकाला सरबत. दोघांतला एक जरी रागावला तरी दुकान बंद!"

माझ्याने गप्प बसवेना. मी मूळचा जालन्याचा. वडील मोंढ्यात हमाल होते आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुठेही सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले. भूतखेत, नवस यांच्याशी आमचा संबंध तिथेच संपला. म्हणून मी म्हणालो, "मी पण बौद्ध आहे. पण हे असलं बुद्धाने कुठे सांगितलंय?"

"सरबताचं बुद्धाने काहीच सांगितलं नाही," ती म्हणाली, "म्हणून तर मला लक्षात ठेवावं लागतं." मग माझ्याकडे नीट बघून, "बौद्ध? भारतात अजून आहेत?"

हा प्रश्न मला झोंबला. मी तिथेच, हातात जेवणाचं पार्सल घेऊन, त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. तिने झारा खाली ठेवला, हात जोडले आणि माझ्या सुरात सूर मिसळला. तिची चाल वेगळी, गायल्यासारखी. उच्चारही वेगळे. पण शब्द तेच. मागे रांगेत उभी असलेली जर्मन माणसं घड्याळं बघत होती. शेवटचा शब्द संपल्यावर ती म्हणाली, "आजपासून तू माझा धाकटा भाऊ. खाल्लंस का?"

'खाल्लंस का' हा तिचा नमस्कार होता. थाई लोक भेटले की असंच विचारतात, हे मला पुढे कळलं. त्यांच्यात मोठ्या बहिणीला 'पी' म्हणतात. मी तिची 'ताई' केली. आम्ही बोलायचो जर्मनमध्ये, दोघांचंही मोडकंतोडकं, दर वाक्यामागे एक 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', लावून. दोघंही चुकत असल्यामुळे आमचं फार छान जमायचं.

मी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. कँटीनमध्ये थायलंडचं नाव निघालं की दोन-तीन जण डोळे मिचकावायचे. एकाने एकदा मला विचारलं, "त्या थाई बाईकडे रोज जातोस म्हणे?" मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, की ती माझी बहीण आहे, आणि तुझ्या बहिणीबद्दल मी असं कधी विचारलेलं नाही. नोईताईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली नाही. "ते लोक दोन गल्ल्या बघून येतात आणि देश बघितला म्हणतात," ती म्हणाली. "चाय येन, भावा. काळीज थंड ठेव. हात गरम आणि काळीज थंड, एवढं जमलं की झालं." तिचे हात खरंच गरम असत. दिवसभर कढईपुढे असायची ती. हिवाळ्यात दुकानात शिरलो की माझे गारठलेले पंजे स्वतःच्या हातात घेऊन ती चोळायची आणि ओरडायची, "एवढा इंजिनिअर, हातमोजे घेता येत नाहीत?"

थायलंड मी तिच्या दुकानात शिकलो. तिचे राजे नातेवाइकांसारखे असायचे: हा हट्टी, तो कवी, तिसऱ्याचं बायकोपुढे चालायचं नाही. अयुथ्या ही त्यांची जुनी राजधानी ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळली, त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली. पण ती असं सांगायची, जणू तिच्या गल्लीतलं घर जळलं आणि तिने स्वतः बादल्या वाहिल्या.

लग्नाआधी ती बँकॉकमध्ये गायिका होती. खेड्यातून आलेल्या लोकांची, गाव सुटल्याची गाणी ती एका बागेतल्या हॉटेलात गायची. गाणं आवडलं की ऐकणारे उठून गायिकेच्या गळ्यात फुलांचा हार घालायचे. तिथेच तिला हेर्मान भेटला. तो यंत्रं बसवायला आलेला, अबोल बवेरियन माणूस. "त्याला एक शब्द कळायचा नाही," ती सांगायची, "पण हार सगळ्यांत मोठा त्याचा." ती त्याच्याबरोबर इथे आली. मुलगा झाला, मार्कुस. हेर्मान लवकर गेला आणि तिने दुकान टाकलं.

शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत कराओके चालायचं. आसपासच्या खेड्यांत लग्न करून आलेल्या थाई बायका जमायच्या. त्यांचे नवरे बिअर घेऊन भिंतीला टेकून बसायचे. बायका भाताच्या शेतांची, म्हाताऱ्या आईची गाणी म्हणत रडायच्या आणि नवऱ्यांना काही न कळल्यामुळे ते जोरात टाळ्या वाजवायचे. नोईताई शेवटी गायची. आम्ही टिश्यू पेपरचे हार करून तिच्या गळ्यात घालायचो.

मार्कुस गावात असला तर मात्र ती गायची नाही.

मार्कुस श्टुटगार्टला त्सुफेनहाउझेन भागात नोकरी करायचा. उंच, आईचे डोळे, बापाचा अबोलपणा. आई थाईत बोलायची, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. आईला जर्मन मुलांसारखं 'मामा' म्हणायचा. शाळेत पोरांनी त्याला विचारलं होतं, तुझ्या बापाने तुझी आई कुठल्या बारमधून आणली? तेव्हापासून त्याला आईचं गाणं नको होतं. तिने कधी तक्रार केली नाही. "त्याला इथे राहायचंय," एवढंच म्हणायची.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यानंतर कारखान्याने मला कामासाठी थायलंडला पाठवलं. निघताना ताईने बजावलं, "आधी अयुथ्या. मग संध्याकाळी माझं हॉटेल. उलटं करू नकोस." मी तसंच केलं. अयुथ्यात डोकी उडवलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगाच्या रांगा बघितल्या. एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं मस्तक कवेत धरून ठेवलं आहे. त्याच्यापुढे फोटो काढणारा प्रत्येक माणूस खाली बसतो, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाऊ नये म्हणून. मीही बसलो. मला आमच्याकडची लेणी आठवली, नाकं तुटलेली, आणि त्यांच्यासमोर उभं राहून चिवडा खाणारे आम्ही.

ताईचं हॉटेल अजून चालू होतं. झाडांना दिव्यांच्या माळा, मधे तळं, तळ्यावर छोटं स्टेज. शेजारच्या टेबलावर एक आजी नातीला मासा भरवत होती. स्टेजवर चमकत्या पोशाखातली गायिका आली तेव्हा त्याच आजीने नातीला हार देऊन पाठवलं. मी एकटाच बसलो होतो. गाण्यातलं काही कळत नव्हतं. हेर्मानसारखाच मी जाऊन एक मोठा हार घेतला.

परत आल्यावर मार्कुसला हे सांगितलं. मी आडपडद्याने बोलत नाही. म्हणालो, "तुझ्या आईच्या हॉटेलात आज्या नातवंडांना घेऊन येतात."

"मला माहितेय," तो म्हणाला. "लहानपणी तिने नेलं होतं. पण ते इथे कोणाकोणाला सांगत फिरू?"



ताईची एकच इच्छा होती आणि ती मला ओळख झाल्यापासून माहीत होती. कॉलेजच्या सुट्टीत मी आमच्याकडच्या श्रामणेर शिबिराला गेलो होतो. डोकं भादरून, चीवर घालून दहा दिवस विहारात राहायचं, भिक्षूसारखं. हे ऐकल्यावर ताईने पहिला प्रश्न विचारला, "तुझी आई काय म्हणाली?" मी सांगितलं, आई शेवटच्या दिवशी डबा घेऊन आली, मला हात जोडले, मग माझ्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवून खूप हसली. ताईचे डोळे भरून आले. "आमच्यात मुलगा एकदा तरी चीवर घालतो," ती म्हणाली. "मग मेल्यावर आई त्या चिवराचं टोक धरून वर जाते. मी मार्कुसला सांगितलं. तो म्हणतो, मामा, लिफ्टने जा!" आणि स्वतःच हसत सुटली.

मी म्हणालो, "ताई, मेल्यावर वरबीर काही नसतं."

"नसू दे. टोक तर असेल?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिच्या पोटातला कॅन्सर कळला, तोही फार पसरल्यावर. दुकान बंद झालं. सरबताचं काम तिने माझ्यावर सोपवलं. मी, ज्याच्या आजोबांनी देव नदीत सोडले, रोज कामावर जाताना त्या देवळीपुढे बाटली ठेवायचो, स्ट्रॉ घालून. तिने फोनवर विचारलं की "ठेवली" म्हणता यावं, म्हणून.

मार्कुस रजा टाकून आला. एकदा दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तो मला अचानक म्हणाला, "चीवर घेताना म्हणतात ते पाली मला वाचता येत नाही. तू शिकवशील?"

रोज संध्याकाळी ताईच्या बंद दुकानात, उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये बसून मी त्याला शिकवलं. जालन्याचा माणूस अर्ध्या जर्मन पोराला थाई आईसाठी पाली शिकवत होता. तो कागदावर रोमन अक्षरांत लिहून घ्यायचा आणि मन लावून घोकायचा. म्युनिकजवळच्या एका खेड्यात थाई भिक्षूंचं भाड्याचं घर होतं, तेच त्यांचं विहार. तिथे त्याचं डोकं भादरलं. भुवयासुद्धा. आमच्याकडे भुवया ठेवतात. मी बघतच राहिलो, कारण भुवया गेल्यावर त्याच्या चेहऱ्यात फक्त नोईताई उरली. त्याने सगळं न चुकता म्हटलं. मुख्य भिक्षू हसून म्हणाले, "पोरगा थाई, पण म्हणतो भारतीयासारखं." मग ते बराच वेळ हळू आवाजात थाईत त्याला काही सांगत राहिले. मला ते कळलं नाही. येताना गाडीत मार्कुस गप्प होता. मला वाटलं, भारावला असेल.

दवाखान्यातल्या खोलीत शिरलो तेव्हा ताई उशीला टेकून होती. दारात केशरी चीवर दिसलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला खिडकीकडे बघावं लागलं. मार्कुसने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "अरे, हा तर तुझ्यासारखा म्हणतो!" ती मला म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. मग तिने त्याच्याकडे हात पुढे केला.

मार्कुस जागचा हलला नाही.

तिला आठवलं. तिने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताला जोडून कपाळाशी नेला. चीवर घातलेल्या माणसाने बाईला शिवायचं नाही. आईलाही नाही. मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि आमच्या विहारात कोणी अडवलं नव्हतं.

"धर ना हात!" मी मार्कुसवर ओरडलो.

"मामा, मी काढतो हे," तो म्हणाला. "आत्ता काढतो. पाच मिनिटांत."

"नाईन. नाही." आजारपणात मी तिचा इतका ठाम आवाज ऐकला नव्हता. "राहू दे. मला बघू दे."

"ताई, हात धरायला दे त्याला. बाकी सगळं खोटं आहे," मी म्हणालो.

"चाय येन, भावा," ती म्हणाली. "तू धर. तुला चालतं."

म्हणून मी धरला. गरम होता.

मार्कुस कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. बायकांकडून दान घेताना हे भिक्षू हातात घेत नाहीत. ते एक छोटं कापड पसरतात, त्याचं एक टोक धरतात आणि बाई त्यावर वस्तू ठेवते. मार्कुसने झोळीतून ते कापड काढलं, तिच्या पांघरुणावर पसरलं आणि आपल्या बाजूचं टोक धरलं. ताईकडे द्यायला काही नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग मोकळा हातच कापडावर ठेवला आणि हळूहळू बोटं मिटून ते टोक धरलं.

ते दोघं तसेच राहिले. कोणी ओढलं नाही, कोणी सोडलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी ती गेली. तेव्हाही कापड तसंच होतं, एका बाजूला तो, एका बाजूला ती, आणि तिचा दुसरा हात माझ्या हातात. नर्सने आम्हाला बाहेर जायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये मार्कुस भिंतीला टेकून उभा राहिला. भुवयांशिवायच्या त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते वाचता येत नव्हतं.

"गरम होता का तिचा हात?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

"कुठल्या हाताने धरला होतास?"

मी उजवा हात पुढे केला. त्याने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.