बदली ड्रायव्हर

पेंढ्याने भरलेला एक ट्रक चहाच्या टपरीसमोर उभा होता आणि त्याच्या मागे मी, माझ्या नव्याकोऱ्या गाडीत, जाम सुटायची वाट बघत बसलो होतो.

झालं होतं असं. मुरबाडहून शहापूरला परत येत होतो. गाडीला ते नवीन क्रूझ आहे. म्हणजे आपण वेग ठरवून द्यायचा, एक बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचे. पुढे कोणी सावकाश जाणारा आला की गाडी आपली आपण सावकाश होते, अंतर राखते आणि तो थांबला की मागे शहाण्यासारखी थांबते. त्या ट्रकमागे मी गप्पांच्या नादात कितीतरी वेळ पंचविसाच्या वेगाने आलो होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ट्रक थांबला, गाडी थांबली. समोर पेंढा एवढा, की पलीकडचं काही दिसेना.

"जाम लागलेला दिसतोय," मी जाहीर केलं.

उजवीकडून मोटारसायकली गेल्या, दोन रिक्षा गेल्या, एक अख्खी एसटी निघून गेली. "लोकांना शिस्तच नाही," मी म्हणालो.

सात-आठ मिनिटांनी ट्रकचा ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन माझ्या काचेशी आला आणि अदबीने विचारता झाला, "सायेब, कवापासून मागं मागं येताय. आरटीओचे काय?"

माझ्या शेजारी एक म्हातारा गृहस्थ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ समोर बघत बसला होता. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग तो हळूच म्हणाला, "मास्तर, जाम नाय. चा हाय."

हे आमचे काका. आख्खी आळी त्यांना काकाच म्हणायची. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीचशी याच शहापूर-मुरबाड रस्त्यावर. निवृत्तीच्या आदल्या वर्षी काकी गेल्या. मुलगा वापीला कारखान्यात. सापगावच्या घरात ते, एक रेडिओ आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेला खाकी शर्ट, एवढाच संसार उरला होता.

आमची ओळख माझ्या नालायकीतून झाली. मी शाळेत गणित शिकवतो. दोन स्थानकांमधलं अंतर, दोन गाड्यांचा वेग, त्या कुठे भेटतील, हे सगळं मी फळ्यावर बिनचूक काढतो. पण माझी गाडी आणि आमचं फाटक यांच्यातलं अंतर मला कधी काढता आलं नाही. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दर रविवारी मुरबाडच्या पुढे बायकोच्या माहेरी जायची वेळ आली, तेव्हा तिने एका वाक्यात निकाल दिला. "तुम्ही चालवणार असाल तर मी एसटीने येते." तिला एसटी मिळाली नाही, पण एसटीचा ड्रायव्हर मिळाला. चार वर्षं, एकही रविवार न चुकवता.

सकाळी पावणेआठला काका दारात. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पिवळं फडकं. आधी गाडीला एक चक्कर, प्रत्येक टायरला टाचेने एक दाब, मग आरसे पुसायचे. आत बसून किल्ली फिरवायची आणि थांबायचं. कशासाठी, ते पहिले काही रविवार आम्हाला कळलं नाही. एकदा बायकोने मागच्या सीटवर पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर सहज बांगडी वाजवली. टिंग टिंग. काकांनी झटकन गिअर टाकला आणि स्वतःशीच हसले. "डबल बेल पडल्याबिगर पाय उचलत नाय वैनी, काय करू." तेव्हापासून आमची गाडी बांगडीवर सुटायची.

त्यांना कुणी हॉर्न मारून घासून पुढे गेलं, तरी कधी रागावले नाहीत. मी मागून शिव्या तयार ठेवायचो. ते म्हणायचे, "जाव दे त्याला. त्याची कोनतरी वाट बगत असल." हे इतक्यांदा ऐकलं, की घरी दूधवाला घाईत असला तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघून तेच म्हणायचो. काकांची कोण वाट बघतं, हा प्रश्न मात्र आम्हाला पडला नव्हता.

आणि त्यांचा तो हात. तुम्हीही पाहिलं असेल, समोरासमोर येणाऱ्या दोन एसट्यांचे ड्रायव्हर एकमेकांना हात करतात. ओळख असो नसो. काका आमच्या लहानशा गाडीतूनही प्रत्येक एसटीला हात करायचे. सुरुवातीला समोरूनही हात यायचा, कधी कधी समोरचा ड्रायव्हर खिडकीतून "काय रं म्हाताऱ्या!" असं ओरडायचा आणि मग मुरबाडपर्यंत काकांचा चेहरा उजळलेला असायचा. हळूहळू ओळखीचे निवृत्त झाले. नवीन पोरांना एका खासगी गाडीतला हा म्हातारा कोण, ते कसं कळणार? काकांचा हात वर जायचा, एसटी सरळ निघून जायची.

"ओळखलं नाही वाटतं," मी एकदा म्हणालो.

"त्याला कुठं दिसतंय. काचंवर ऊन असतंय ना." त्या दिवशी आभाळ होतं.

माझीही तशी हात करायची फार इच्छा. एकदा मी शेजारच्या सीटवरून हात उंच करून हलवला, तर समोरची एसटी करकचून थांबली. कंडक्टरने दार उघडून "चला, लवकर" म्हटलं. काकांनी त्याची माफी मागितली आणि पुढे गेल्यावर मला शिकवणी दिली. "मास्तर, डायवरचा हात कवा खांद्याच्या वर नाय जायाचा. स्टेरिंगवरून चार बोटं उचलायची, बास. हात खांद्याच्या वर गेला म्हंजे तो थांबवणाऱ्याचा हात. गाडी थांबवायलाच लागती." बायको मागे इतकी हसली की बाटली सांडली.

सासऱ्यांच्या घरी काका ओटीवर बसत नसत. सरळ आत, खाटेशी. सासऱ्यांची वाचा गेली होती. काका त्यांना रस्ता सांगायचे. कुठे खड्डा बुजवला, कुठल्या शेतात भात कापून झालं, पुलाजवळ कोणाची म्हैस आडवी आली होती. सासरे त्यांच्याकडे टक लावून बघत. आम्ही सगळे त्यांना "औषध घेतलं का" एवढंच विचारायचो. रस्ता फक्त काका सांगायचे.

अशा माणसाला मी कामावरून काढलं. असं कोणी म्हणालं तर मला राग येईल, पण दुसरा शब्द सापडत नाही.

शिक्षकांच्या खोलीत मला "ड्रायव्हरवाले मास्तर" म्हणायला लागले होते. त्यात शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, ही गाडी स्वतः अंतर ठेवते." अंतर! माझ्या आयुष्यातली एकमेव कमतरता कोणीतरी गाडीत बसवून विकत होतं. मी घेतली. पहिल्या रविवारी काका पावणेआठला आले, टायर दाबले, आरसे पुसले आणि ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. तिथे मी आधीच बसलेलो होतो.

ते क्षणभर थांबले. मग पलीकडून येऊन शेजारी बसले. बायकोने मागे बांगडी वाजवली. सवयीने काकांचा उजवा पाय हलला.

वाटेत मी क्रूझ दाखवलं. पडद्यावर पुढच्या गाडीचं चित्र, मधे अंतराच्या चार रेषा. गाडीने चांगलं मोठं अंतर सोडलं. त्या अंतरात लगेच एक मोटारसायकल शिरली. गाडीने दचकून ब्रेक मारला आणि पुन्हा अंतर सोडलं. त्यात रिक्षा शिरली.

"तुमची गाडी लय दिलदार हाय," काका म्हणाले. "येईल त्याला जागा देती. आसं चाललं तर आपण मागं मागं शहापूरला जाऊ."

पण थोड्या वेळाने ते त्या पडद्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. "म्हंजे हा बदली आला म्हणायचा."

एसटीत एका ड्रायव्हरची पाळी संपली की दुसरा येतो, तो बदली. जाणारा उतरण्याआधी येणाऱ्याला गाडी समजावून देतो. काका पुढे वाकले आणि पडद्याला म्हणाले, "आयक रे. सापगावच्या पुलाशी गुरं बसलेली असत्यात, हॉर्न मारू नको, उठत नायत. मास्तर वळणावर बोलत्यात, त्यांच्याकडं बगू नको. वैनींना गाडी लागती, ब्रेक सावकाश दाब. सांभाळ."

आम्ही खूप हसलो. मी तर हे सगळं शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून सांगितलं.

परत येताना ते पेंढ्याच्या ट्रकचं झालं. काका उतरले, आम्हा दोघांसाठी चहा घेऊन आले आणि माझ्या हातात ग्लास देताना म्हणाले, "मास्तर, आता तुमचं तुमाला जमतंय. माजं काय काम नाय."

हे वाक्य मी आठवडाभर पाठ करत होतो. त्यांना कसं सांगायचं म्हणून. ते त्यांनीच बोलून मला मोकळं केलं. मला इतकं हलकं वाटलं, की मी भलताच उदार झालो. "असं कसं काका! तुमचं कधीही मन झालं की नाक्यावर उभं राहा. हात दाखवा, थांबतोच. गाडी आपलीच आहे."

"तर काय," ते म्हणाले. सापगावला उतरले, दार हळूच लावलं आणि जाता जाता टाचेने मागचा टायर दाबून गेले.

नंतरचे रविवार आम्ही दोघंच. गाडी छान चालायची. क्रूझ लावलं की पायांना काही काम नसतं. मला माझे पाय कुठे ठेवावेत ते कळत नसे. पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे जवळ घेऊन बसायचो. बायको बांगडी वाजवायची विसरली. की वाजवत नव्हती? मी विचारलं नाही. सासऱ्यांच्या खाटेशी मी एकदा रस्ता सांगायचा प्रयत्न केला. "रस्ता चांगला आहे," मी म्हणालो. मग मला पुढे काही सुचेना. रस्ता गाडीने पाहिला होता.

सासरे माझ्या मागे दाराकडे बघत राहिले.

मग तो रविवार. वाल बाजारात आले होते, म्हणजे थंडी सरत आलेली. सापगावच्या नाक्यावर काका उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फुगलेली पिशवी. मला वाटलं, बाजार करून घरी निघालेत. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला.

तुम्हाला काय सांगू, माझी छाती फुगली. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाने मला, फाटकाला गाडी घासणाऱ्याला, ड्रायव्हर म्हणून हात केला होता. मी अगदी शिकवल्याप्रमाणे स्टिअरिंगवरून चार बोटं उचलली. पुढे रस्ता मोकळा होता. गाडीने ठरवून दिलेला वेग तसूभरही सोडला नाही आणि माझे पाय जवळ घेतलेले होते. आरशात काका लहान होत गेले. हात अजून तसाच होता.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. ती मागे वळून बघत होती.

पुढच्या रविवारी नाक्यावर कोणी नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी मी गाडी त्यांच्या घराकडे वळवली. दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "त्यांना पोरगा घिऊन गेला ना वापीला. मागल्याच्या मागल्या मंगळवारी. तुमाला नाय बोलले?"

काल त्यांना फोन लावला. आवाज खोल गेलेला. चौथा मजला, मुलगा-सून कामावर, दिवसभर एकटेच. "हितून रस्ता नाय दिसत मास्तर. मागची बाजू हाय." मग म्हणाले, "बदली काय बोलतो? गुरांना हॉर्न मारत नाय ना?"

मी हसलो. त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्या रविवारची आठवण काढली. "काका, निघायच्या आधी नाक्यावर तुम्ही मला हात केलात. मीपण केला, चार बोटं, खांद्याच्या खाली. पाहिलात ना?"

 

"बगितला," ते म्हणाले. "बरोब्बर केलात."

"थांबलो असतो हो, पण..."

"जाव द्या. तिकडं वाट बगत असतील ना."

फोन ठेवला. बायको समोर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "काका खूश झाले."

तिने आणखी दोन-तीन शेंगा सोलल्या. मग वर न बघताच म्हणाली, "अहो, त्या दिवशी काकांचा हात खांद्याच्या वर होता."