म्हातारीला दाखवल्याशिवाय

विद्यापीठाची वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'साइटबाई' म्हणत. स्वभाव कडक, जीभ त्याहून कडक. त्यांच्या टेबलाच्या खणात काच तडकलेला, रडतखडत चालणारा एक स्वस्त फोन असे. त्याचं नाव म्हातारी. वेबसाइटवर काहीही नवं लावायचं तर आधी म्हातारीवर उघडून बघायचं, ती हो म्हणाली तरच पुढे जायचं, हा बाईंचा नियम. "मोठ्या स्क्रीनवर सगळंच देखणं दिसतं. पोरं अर्ज भरतात ते असल्या फोनवरून!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सुनवायच्या.

आणि नेमकी तीच म्हातारी त्यांनी भाचीला वापरायला दिली होती. भाचीचा फोन बिघडला होता आणि तिला याच विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. आज शेवटचा दिवस. पाच वाजता अर्ज घेणं आपोआप बंद होणार होतं.

सकाळी कुलसचिव डोक्यावर येऊन उभे राहिले. नव्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. इमारतीच्या फोटोची पट्टी प्रत्येक पानाच्या तळाशी दिसायलाच हवी होती. बाईंचा हात सवयीने खणाकडे गेला. खण रिकामा. "एक दिवस नाही पाहिलं तर काय आभाळ कोसळतंय," असं पुटपुटत त्यांनी पट्टी लावून टाकली.

आभाळ दुपारी साडेचारला कोसळलं. भाचीचा फोन आला.

"मावशी, सगळं भरलं गं, पण पाठवायचं बटणच नाही! खाली नुसती इमारत दिसतेय."

लहान पडद्यावर पट्टी बरोब्बर बटणावर ठाण मांडून बसली होती.

"तूच भर ना तिथून माझा. पाच वाजत आले."

भरता आला असता. ऑफिसच्या कंप्युटरवर बटण ढळढळीत दिसत होतं, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाईंनी भाचीचं नाव टाइप करायला घेतलंसुद्धा. मग त्यांनी आलेले अर्ज उघडून पाहिले. पट्टी लावल्यापासून फोनवरून एकही अर्ज आलेला नव्हता. शेवटच्या दिवशी! त्या पोरांना ऑफिसात मावशी नव्हती. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पट्टी काढावी, तर वरच्या सभागृहात कुलसचिव पाहुण्यांना तीच मोठ्या पडद्यावर दाखवत होते. आणि बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

बाईंनी पट्टी काढली.

"दिसतंय का?"

"नाही गं! इमारत तशीच आहे."

फोनने जुनीच मांडणी धरून ठेवली होती. पान लवकर उघडावं म्हणून ती सोय बाईंनीच करून ठेवलेली, आता तीच गळ्याशी आली. त्यांनी मांडणीच्या फाइलचं नाव बदललं, म्हणजे फोनला ती नव्याने मागवावीच लागणार होती.

"पुन्हा उघड. भरलेलं पुसलं जाणार नाही, मी सांगते ना!"

म्हातारी कधीच घाईत नसे. बाई घड्याळाकडे बघत बसल्या.

"दिसलं! दिसलं, मावशी!"

स्क्रीनवर एक अर्ज आला, मग चार, मग धडाधड येतच राहिले. टेबलावरचा ऑफिसचा फोन केव्हाचा वाजत होता. बाईंनी तो उचलला नाही. शेवटी दार धाडकन उघडून कुलसचिव आत आले.

"पाहुण्यांसमोर ग्रंथालय गायब! कुणाला विचारून काढलंत?"

"लावतानाच म्हातारीला विचारलं नाही, साहेब. चूक तिथे झाली." बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि काय झालं ते सांगितलं.

कुलसचिवांनी येणारे अर्ज बराच वेळ पाहिले. राग काही उतरला नाही. "लेखी खुलासा द्या. आणि ती पट्टी उद्या सकाळी परत हवी."

ते गेल्यावर भाचीचा पुन्हा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"गेला अर्ज! मावशी, हा फोन मीच ठेवू का गं?"

"मुळीच नाही," बाई डोळे पुसत खेकसल्या. "आत्ताच्या आत्ता घेऊन ये. उद्या पट्टी परत लावायचीय."