निळ्या अस्वलाला गाऱ्हाणं

ग्रुपमधल्या आयांनो, उपाय सांगा, लवकर!

ओवीच्या चौथ्या वाढदिवसासाठी मी पंधरा दिवस खपत होते. तिला टीव्हीवरचं निळं अस्वल आवडतं. म्हणून फुगे निळे, टोप्या निळ्या आणि केक म्हणजे अख्खं निळं अस्वल, एक डोळा मिचकावणारं.

आज दुपारी औक्षण झालं, मी तिच्या हातात सुरी दिली आणि बाईसाहेबांनी भोकाड पसरलं. "अस्वलाला कापायचं नाही!" बारा पोरं टोप्या घालून ताटकळलेली. मी समजावलं, मग ओरडले. ती केकपुढे हात पसरून उभी!

शेवटी गुहागरहून आलेले माझे सासरे उठले. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. केकपुढे नारळ ठेवून, हात जोडून त्यांनी सुरुवातच केली, "बा निळ्या अस्वला म्हाराजा! आज आमच्या ओवीचा वाढदिस हाय. तुज्यासाठी पोरा जमलीत. त्यांच्या पोटात जा नि तितं सुखानं ऱ्हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही मोठी माणसं सवयीनं ओरडलो. मग पोरंही ओरडली. ओवीनं डोळे पुसले, स्वतः सुरी घेतली आणि अस्वलाचे दोन्ही कान एकटीनं खाल्ले.

मला वाटलं, सुटले.

आता संध्याकाळपासून ती पोट धरून बसली आहे, पण शी करायला तयार नाही. अस्वल आत सुखानं राहतंय, त्याला बाहेर काढायचं नाही म्हणे!

सासऱ्यांना विचारलं, तर म्हणतात, "त्याचा गाऱ्हाना माज्याकडं नाय."

तुमच्यापैकी कुणाकडे आहे का?