तोडीचा अर्धा तास

२०२५ साल, आणि माझं वय शहात्तर. दुपारचं जेवून पडलो होतो, तर नात फोन घेऊन आली. "आजोबा, बराकादादाच्या बहिणीचा फोन आहे." बहीण इंग्रजीत बोलत होती, नात ऐकत होती आणि मी नातीच्या तोंडाकडे पाहत होतो. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत बराका गेला... सदतीस वर्षांचा. तिकडे टांझानियात, आईच्या घरी. बहीण म्हणाली, तो रोज सकाळी गायचा आणि घरची पोरं हसायची, हा इंडियावाला लागला रडायला म्हणून. तिकडे तो इंडियाचा, इकडे आफ्रिकेचा. नुसता गाणारा म्हणून त्याला कोणी ऐकलं नाही. याला आता महिना झाला. मी चौथी शिकलेला विणकर, पण हे मीच लिहायचं होतं, म्हणून लिहिलं.

बराका नागपूरला औषधांचं शिक्षण घ्यायला आला होता. नंदनवनात आमच्या फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मी त्याला पाहिलं आणि खोली गेली म्हणून सांगितलं. रंग पाहून सांगितलं, लपवत नाही. तिसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा दारात. "अंकल, रूम गया, तो बोर्ड क्यों नहीं गया?" मी आत गेलो. चावी आणून दिली. गल्लीतली पोरं त्याला काय काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. वर्षभरात तो मला काकाजी म्हणू लागला आणि आमच्यासारखंच बोलू लागला.

कॉलेजच्या एका कार्यक्रमात त्यानं ख्याल ऐकला आणि प्रताप नगरच्या एका क्लासात गाणं शिकायला लागला. तिथली रीत अशी, की एक जण गातो तेव्हा दुसऱ्यानं मागे तानपुरा घेऊन बसायचं. याची पाळी आली की कोणाचं बोट दुखायचं, कोणाची बस निघून जायची. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "काकाजी, माझ्या मागं कोणीच बसून नाही राहिलं." मी म्हटलं, "मी बसतो गा. हजार धाग्यांचा ताणा सांभाळला जन्मभर, चार तारांले काय भ्यायचं?"

तानपुऱ्याच्या तारेखाली घोडीवर सुताचा एक बारीक दोरा सरकवतात, तेव्हा सूर खुलतो. मी ऐटीत मागावरचं जुनं सूत घातलं, तर तार मुकी! खळ लावलेलं सूत होतं, ताठ. बराका हसून हसून आडवा. "काकाजी, सुताचे मास्टर तुमी!" मग तेच सूत गरम पाण्यात धुतलं, वाळवलं, घातलं... आणि तार बोलली. तेव्हापासून पाच वर्षं मी त्याच्या मागे बसलो. सकाळची तोडी त्याची लाडकी. त्यातला तो कोमल गंधार तो असा लावायचा, की माझा हात तारेवर हळू व्हायचा.

क्लासाचा वार्षिक कार्यक्रम रविवारी सकाळी होता. दोन वर्षं शिकलेल्यांना ख्यालासाठी अर्धा अर्धा तास, आणि बराकासाठी 'परदेशी पाहुण्याचा अभंग', पाच मिनिटं. वर फेटाही बांधायचा होता. मी कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंना गाठलं. "पाच वर्षं शिकला हा. त्याले काहून पाच मिनिटं?" त्या गोडच बोलल्या. "काका, तो मराठी अभंग म्हणतो याचं लोकांना कौतुक आहे हो. त्याच्याकडून तोडी कोण ऐकणार?" माझं डोकं फिरलं. "मंग तो गाणारच नाही!" म्हटलं, बराकाचा तानपुरा उचलला आणि ऑटोत जाऊन बसलो. बराका मागून आला. फेटा हातातच होता.

घरी आल्यावर त्यानं फेटा खाली ठेवला. मग म्हणाला, "काकाजी, तुमी मले विचारलं नाही."

"अपमान होता तो तुहा."

"अपमान माहा होता, तर मी पाहिलं असतं ना. पाच मिनिटांत एक आलाप तर ऐकवला असता त्याहिले. कोणी म्हटलं असतं, अजून गा... आता नाही म्हणणार कोणी."

मी म्हटलं, माझं काही चुकलं नाही. नऊ वर्षं तेच म्हणत आलो. पुढच्या वर्षी क्लासानं त्याचं नावच घातलं नाही, आणि डिग्री घेऊन तो गेला. जाताना तानपुरा माझ्याकडे ठेवून गेला. "दोरा बदलत जा काकाजी." मी एकदाही बदलला नाही. त्यांनी त्याला पाच मिनिटं दिली होती, आणि तीही मी घालवली. हे बराका असताना फोनवर सांगायला पाहिजे होतं...

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची खोली उघडली. सतरंजी टाकली. तानपुऱ्यावरचं कापड काढलं. जुने दोरे कुजले होते, मी रात्रीच सूत धुऊन वाळत टाकलं होतं, ते घातलं. गल्लीकडचं दार सताड उघडलं आणि पुढची जागा मोकळी ठेवून नेहमीसारखा मागे बसलो. शेजारचा दिलीप दूध घेऊन चालला होता, तो थांबला. "काय करून राहिले काकाजी? कोणी गाणार हाय का?"

"बराका," मी म्हटलं. "अर्धा तास हाय त्याचा. बसायचं असंन तर चपला काढ अन् चूप बस."

त्यानं चपला काढल्या. आठला सुरू केलं, साडेआठला हात थांबवला.